गाडीचा फ्युएल फिल्टर घरी बदलायचाय? पाना हातात घेण्याआधी हे वाचा



डिलिव्हरीच्या गाडीच्या खर्चावर व्हिडिओ टाकला तेव्हापासून एक प्रश्न सतत येतोय. "सर, फ्युएल फिल्टर घरी बदलता येतो का? गॅरेजवाला दरवेळी मजुरी लावतो." प्रश्न बरोबर आहे. धंदा नवीन असतो, गाडी सेकंडहँड असते, आणि महिन्याच्या शेवटी तीनशे रुपयेसुद्धा डोळ्यांत येतात. उत्तर असं आहे की काही गाड्यांचा बदलता येतो, काहींचा बदलू नये, आणि काहींच्या वाटेलाच जाऊ नये. व्हिडिओत पाना कसा फिरवायचा ते दिसतं, पण वास दिसत नाही. आणि या कामात सगळा धोका त्या वासातच आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी माझीच फजिती सांगतो.

दुकान सुरू करून दोनेक वर्षं झाली होती. पॅकिंग मटेरियलचं दुकान, आणि मालाची ने-आण करायला एक जुनी पेट्रोल व्हॅन. गाडी झटके द्यायला लागली. मी फिल्टर आणला आणि संध्याकाळी घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडीखाली शिरलो. प्रेशर सोडायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. क्लिप काढली आणि पेट्रोलची चिळकांडी थेट मनगटावरून बाहीत. पाइप हातातून सुटला, पेट्रोल फरशीवर पसरलं. मी फडक्याने पुसत बसलो. पाच मिनिटांनी आई घरातून ओरडली, "अरे कसला वास येतोय रे एवढा?" आणि बोलता बोलता तिने तुळशीपुढची पणती विझवली. तुळस शेडपासून दहा-बारा फुटांवर, मधे फक्त उतार. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पाण्यासारखी सरकत उताराकडे जाते. आमच्या अंगणाचा उतार तुळशीकडेच आहे. हे मला नंतर आमच्या मेकॅनिक काकांनी समजावलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या दिवशी काहीही झालं नाही. पण ते माझ्या हुशारीमुळे नव्हे, आईच्या नाकामुळे.

फिल्टर करतो काय

टाकीतलं इंधन इंजिनपर्यंत जाताना त्यातला गंज, धूळ, बारीक कचरा अडवायचा, एवढं त्याचं काम. आत घड्या घातलेला खास कागद असतो. डिझेल गाडीत त्याच्याकडे आणखी एक काम असतं, पाणी वेगळं करायचं. डिझेलपेक्षा पाणी जड, त्यामुळे ते फिल्टरच्या तळाशी साठतं आणि खालच्या स्क्रूतून काढता येतं. पाणी येतं कुठून? पंपावरून येऊ शकतं, आणि आपल्या टाकीत तयारही होतं. अर्धी रिकामी टाकी, दिवसा गरम, रात्री गार, पावसाळ्यातली दमट हवा. टाकीच्या आतल्या भिंतींवर दव धरतं तसं पाणी धरतं.

फिल्टर चोंदला की गाडी सपाट रस्त्यावर ठीक चालते आणि चढाला दम टाकते, कारण चढाला इंधन जास्त लागतं आणि फिल्टर तेवढं सोडत नाही. आमचा पिकअप एकदा गणपतीच्या आधी चिपळूणला माल घेऊन जाताना कुंभार्ली घाटात असाच बसला. पाटणपर्यंत काही तक्रार नव्हती. सकाळी लवकर स्टार्ट न होणं, मधेच झटके, डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागणं ही बाकीची लक्षणं. पण एक लक्षात घ्या, हीच लक्षणं पंप, इंजेक्टर किंवा एअर फिल्टर खराब असला तरी दिसतात. गाडी झटके देते म्हणून लगेच फ्युएल फिल्टरच दोषी असं नसतं. किती किलोमीटरला बदलायचा ते प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, ते गाडीसोबतच्या पुस्तकात दिलेलं असतं. सेकंडहँड गाडी घेतली आणि आधीच्या मालकाकडे नोंद नसेल, तर एकदा बदलून घ्या आणि तिथून मोजायला सुरुवात करा.

आधी ठरवा: तुमची गाडी कुठल्या गटातली

डिझेल पिकअप किंवा डिझेल कार असेल, तर बहुतेक वेळा फिल्टर बॉनेटखाली हाताशी असतो. हे काम घरी शिकण्यासारखं आहे.

जुनी पेट्रोल गाडी, जिचा फिल्टर टाकीच्या बाहेर, गाडीच्या पोटाखाली किंवा इंजिनजवळ आहे, ती करता येते. पण पहिल्यांदा मेकॅनिकला शेजारी उभं करूनच. त्याला चहा पाजा, शंभर रुपये द्या, पण उभा करा.

आजकालच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत फिल्टर टाकीच्या आत, पंपासोबतच असतो. तो काढायचा म्हणजे पेट्रोलची टाकी उघडायची. हे घरी करू नका. मी स्वतः करत नाही.

सीएनजी गाडी असेल तर गॅसच्या लाइनला अजिबात हात लावायचा नाही. सिलेंडरमध्ये साधारण २०० बार दाबाने गॅस असतो. गाडीच्या चाकात हवा साधारण २ बार असते, यावरून अंदाज करा. आणि गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जा. तीनशे रुपये वाचवायला गेलात आणि उद्या पंप गेला, तर वॉरंटीच्या टेबलावर वाद घालायला तुमच्याकडे काही नसेल.

पैशाचं गणित, खरं खरं

आता धंद्याच्या भाषेत बोलू. समजा फिल्टर ६०० रुपयांचा आहे आणि मजुरी ३००. घरी केलंत तर वाचले ३००. पहिल्या वेळी तुम्हाला दोन-अडीच तास लागणार. बीबीएला असताना 'ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट' पाठ केली होती, तिचा अर्थ मला दुकानात बसल्यावर कळला. त्या अडीच तासांत तुम्ही दोन गिऱ्हाइकांना माल पोचवला असता तर काय सुटलं असतं? वर हातमोजे, चष्मा, ट्रे, अग्निशामक यांचा खर्च. पहिली दोन वर्षं तुम्ही तोट्यातच असाल.

म्हणजे मजुरी वाचवायला हे शिकू नका. मग कशाला शिकायचं? माझ्या दृष्टीने कारणं वेगळी आहेत. एक म्हणजे, पहाटे पाचला मार्केट यार्डात माल टाकायचाय, गॅरेज दहाला उघडतं आणि गाडी पाण्याचा दिवा दाखवतेय. अशा वेळी डिझेल फिल्टरमधलं पाणी काढता येणं म्हणजे त्या दिवसाचा धंदा वाचणं. दुसरं, स्वतः एकदा केलं की गॅरेजमध्ये काय चाललंय ते कळतं. फिल्टर खरंच बदलला की नुसता पुसला, हे ओळखता येतं. ज्याची गाडी त्याला एवढं तरी माहीत हवं.

आणि एक आगाऊ सूचना. एकदा जमलं की शेजारी म्हणतो, "माझ्याही गाडीचा करून दे, दोनशे देतो." पैसे घेऊन दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही. हा धंदाच करायचा असेल तर रीतसर शिका. आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा आणि मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा कोर्स आहे. मग सर्व्हिसिंगचा धंदा टाका, मी स्वतः तुमचा व्हिडिओ करीन.

सामान आणायला जाल तेव्हा

जुना फिल्टर कोणता आहे, त्यावरचा पार्ट नंबर काय, हे लिहून न्या. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन तिन्ही सांगा. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार फिल्टर बदललेला असतो.

इथे एक चूक फार घातक आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना एक स्वस्त पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर बसायचा. तो कमी दाबाचा असतो. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत लाइनचा दाब साधारण ३ ते ४ बार असतो. तिथे तो स्वस्त फिल्टर बसवला तर तो फुटू शकतो, आणि फुटतो तो गरम इंजिनाशेजारी, गाडी चालू असताना. पाइपचंही तसंच. इंजेक्शनच्या गाडीला त्याच दाबाचा पाइप आणि त्याच्याच क्लिपा लागतात. काउंटरवरचा माणूस "चालतंय हो, सगळे हेच लावतात" म्हणाला तरी घेऊ नका. मीही काउंटरवर बसतो, 'चालतंय' म्हणायला माणसाला किती सोपं असतं ते मला माहितीये.

पक्कं बिल घ्या. डुप्लिकेट फिल्टरचा डबा हुबेहूब असतो, पण बिल मागितलं की दुकानदाराचा चेहरा बोलतो. शिवाय तुम्ही रेग्युलर जीएसटीत असाल आणि गाडी मालवाहू असेल, तर पार्टवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळतं. घरची प्रवासी कार धंद्याला वापरत असाल तर सहसा मिळत नाही, आणि कंपोझिशनवाल्यांना मिळतच नाही. तुमच्या सीएला विचारून घ्या.

फिल्टरसोबत नवीन वॉशर, सील, ओ-रिंग आहेत का पाहा. नसतील तर वेगळे घ्या. तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की परत नीट बसत नाही. जुनाच लावला की चार दिवसांनी थेंब थेंब गळती सुरू.

बाकी सामान: नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा (नंबरचा नाही, कामाचा), पसरट ट्रे, कोरडी सुती फडकी, बॅटरीवरची एलईडी टॉर्च, आणि एबीसी पावडरचा अग्निशामक. अग्निशामक गाडीच्या डिकीत नको, हाताशी पाहिजे. त्याची पिन कशी काढायची ते आधी वाचून ठेवा. इंधनाच्या आगीवर पाणी टाकायचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. बादलीभर कोरडी वाळू ठेवलीत तर अजून चांगलं. वायरचा दिवा किंवा पिवळा हॅलोजन बल्ब घेऊन गाडीखाली जाऊ नका. गरम बल्बवर पेट्रोल उडालं की काच तडकते आणि ठिणगीचं काम तिथेच होतं.

जागा

मोकळं मैदान, सपाट जमीन, दिवसाउजेडी. शेड नको, पार्किंगचा तळमजला नको, सर्व्हिसिंगचा खड्डा तर नकोच, कारण वाफ खड्ड्यातच साठते. आजूबाजूला काय काय पेटतं ते बघा: देवघर, तुळशीची पणती, गॅस गीझर, चूल, शेजारच्याचं वेल्डिंग, बिडी ओढणारा पाहुणा. फ्रिज किंवा पाण्याची मोटर आपोआप चालू होते आणि तिच्या स्विचमध्येही ठिणगी पडते, हे कोणाच्या लक्षात येत नाही. दुकानाच्या गोडाऊनसमोर हे काम करू नका. माझ्या गोडाऊनमध्ये प्लास्टिक आणि थर्माकोल असतं, एक ठिणगी आणि पाच वर्षांची कमाई गेली. मुलांना घरात पाठवा. आणि एकट्याने करू नका, एक मोठं माणूस हाकेच्या अंतरावर असू द्या.

गाडीखाली शिरावं लागणार असेल तर नुसत्या जॅकवर विश्वास ठेवायचा नाही. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. खाली जॅक स्टँड लावा, काही गॅरेजवाले त्याला घोडी म्हणतात. विटा रचून तर कधीच नाही, वीट आधी काही सांगत नाही आणि मग एकदम फुटते. चाकांना पुढेमागे लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला.

डिझेल गाडी: इथून शिकायला सुरुवात करा

डिझेल पेट्रोलइतक्या पटकन पेट घेत नाही, म्हणून सुरुवातीला हेच बरं. तरी गरम सायलेन्सरवर पडलं तर पेटू शकतं. इंजिन पूर्ण गार हवं, शक्यतो रात्रभर उभी असलेली गाडी. चावी बंद, आणि चावी तुमच्या खिशात.

एक गोष्ट मात्र ठळक लिहून ठेवा. आजच्या डिझेल गाड्या कॉमन रेलच्या आहेत. पंपापासून इंजेक्टरपर्यंत जाणाऱ्या बारीक लोखंडी नळ्यांत हजार बारच्या वर दाब असतो. त्या नळ्यांचं नट सैल करायचं नाही, आणि गळती शोधायला बोट लावायचं नाही. एवढ्या दाबाची धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडतो, ऑपरेशन करावं लागतं. आपलं काम फक्त फिल्टर आणि त्याला जोडलेले जाड, कमी दाबाचे पाइप, एवढंच.

फिल्टरभोवतीची धूळ आधी पुसून घ्या. उघडल्यावर आत पडलेला मातीचा एक कण सरळ पंपाकडे जातो. पाइप कुठला कुठे आहे त्याचा फोटो काढा आणि फोन लांब ठेवून द्या. खालच्या स्क्रूखाली भांडं धरून पाणी आणि डिझेल काढा. काचेच्या बाटलीत घेतलंत तर खाली पाण्याचा थर स्पष्ट दिसतो. पाण्याच्या सेन्सरची वायर असेल तर तिचा कनेक्टर हलक्या हाताने काढा, तो सेन्सर पुष्कळदा जुन्या फिल्टरवरून नव्यावर लावायचा असतो, नवीन ओ-रिंगसह.

नवीन फिल्टर फिरवून बसणारा असेल तर त्याच्या रबरी सीलला स्वच्छ डिझेलचं बोट फिरवा, हाताने बसवा, आणि सील टेकल्यावर किती फिरवायचं ते फिल्टरवरच छापलेलं असतं, तेवढंच फिरवा. पाना लावून जोर काढू नका. जुन्या फिल्टरचं सील वरच चिकटून राहिलंय का ते बघा. दोन सील एकावर एक आले की गळती ठरलेली. फिल्टर आधीच डिझेलने भरून लावायची जुनी पद्धत आहे, पण कॉमन रेलच्या गाडीत मी ती टाळतो. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळता पुढे जातं.

त्यापेक्षा हवा काढा. फिल्टरवर किंवा पाइपवर हातपंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबत राहा. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो थोडा सैल करून, बुडबुडे जाऊन सलग डिझेल आलं की घट्ट करा. हातपंप नसलेल्या काही गाड्यांत चावी फक्त ऑनवर नेली की इलेक्ट्रिक पंप हे काम करतो. मग स्टार्टर मारा, एका वेळी दहा सेकंदांच्या आत, मधे अर्धा मिनिट थांबून. सलग मारत राहिलात तर स्टार्टर आणि बॅटरी दोन्ही जातील आणि तीनशे रुपयांचं काम तीन हजारांवर जाईल. सुरुवातीला इंजिन अडखळेल, मग स्थिर होईल. सांडलेलं डिझेल पुसून घ्या, विशेषतः बेल्टवरचं आणि रबराच्या पाइपवरचं.

पेट्रोल गाडी: इथे क्रम चुकवायचा नाही

टाकीत पेट्रोल पावच्या खाली असू द्या, कारण पाइप सुटला की टाकीतलं पेट्रोल उताराने येत राहतं. इंजिन गार. टाकीचं झाकण उघडून आतली वाफ सोडा आणि परत लावा.

आता दाब सोडायचा. गाडी न्यूट्रलला, फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले कुठे आहे ते पुस्तकात बघून काढा, आणि गाडी स्टार्ट करा. लाइनमधलं उरलेलं पेट्रोल संपलं की ती आपोआप बंद पडेल. मग दोन-तीन वेळा, प्रत्येकी तीनेक सेकंद स्टार्टर मारा. चावी काढा. त्यानंतर बॅटरीची काळी, मायनस बाजूची वायर काढून बाजूला बांधून ठेवा. क्रम हाच: आधी दाब, मग बॅटरी. बॅटरी आधी काढलीत तर दाब सोडायला गाडी स्टार्टच होणार नाही. मी त्या संध्याकाळी यातलं एकही केलं नव्हतं.

चष्मा लावा. दाब सोडला तरी लाइनमध्ये थोडं पेट्रोल उरतंच. ट्रे खाली, फडकं जोडाभोवती गुंडाळून, हळूहळू सैल करा. प्लास्टिकचा क्लिकवाला कनेक्टर असेल तर दोन्ही बाजूंची जीभ दाबून सरळ ओढायचा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचा नाही, तो तुटला की मिळत नाही आणि गाडी टो करावी लागते. फिल्टरवर बाण असतो, तो इंजिनाकडे. उलटा बसला तरी गाडी सुरू होईल कदाचित, पण काही दिवसांनी परत झटके. नवीन फिल्टरच्या टोकांवरची टोपणं अगदी बसवताना काढा. कनेक्टर 'कट्' आवाज करून बसला पाहिजे, आणि मग एकदा मागे ओढून बघा.

रबरी पाइप वाकवून पाहा. चिरा दिसल्या किंवा तो फुगलेला, मऊ लागला तर तोही बदला. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्या मिश्रणाचा विचार करून बनवलेले नव्हते. जुनी पेट्रोल व्हॅन वापरणाऱ्यांनी पाइपांकडे लक्ष ठेवाच.

सगळं जोडलं की सांडलेलं पुसा, वास पूर्ण जाईपर्यंत थांबा, मग फ्यूज लावा आणि शेवटी बॅटरीची वायर. लगेच स्टार्ट मारू नका. चावी ऑनला नेऊन दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा, असं तीन-चार वेळा. पंपाची गुणगुण ऐकू येईल, लाइन भरेल. आता टॉर्च मारून जोड बघा, कोरडा कागद फिरवा. कागद कोरडा निघाला तरच स्टार्ट. दहा मिनिटं जागेवर चालू ठेवून परत बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढायच्या आधी परत. एक थेंब जरी दिसला तर चावी बंद, बॅटरीची वायर काढा, गाडी ढकलत मोकळ्यावर न्या आणि मेकॅनिकला बोलवा. "थोडं घट्ट करून बघतो" हे वाक्य तिथे चालत नाही.

पेट्रोल गाडी रस्त्यात बंद पडली तर तिथे हा उद्योग करू नका. शेजारून ट्रक जातायत, सायलेन्सर तापलाय, बघायला चार माणसं जमतात आणि त्यातल्या एकाच्या हातात सिगारेट असते. टो करा.

काम झाल्यावर

जुना फिल्टर आणि काढलेलं इंधन गटारात ओतू नका, कचऱ्याच्या गाडीतही टाकू नका. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजला द्या, त्यांच्याकडे जुनं ऑइल नेणारे लोक येतात. पेट्रोलने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात ठेवायची नाहीत. उघड्यावर, पसरून, वास जाईपर्यंत वाळवायची. अंगावरचे कपडे बदला, हात साबणाने धुवा, आणि मगच स्वयंपाकघरात पाय ठेवा. माझी भिजलेली बाही त्या संध्याकाळी तशीच होती, आणि मी चहा गरम करायला गॅसकडे निघालो होतो. आईने दारातच अडवलं.

एक वही करा. तारीख, किलोमीटर, फिल्टरचा पार्ट नंबर, किंमत, आणि बाटलीत किती पाणी निघालं. दर वेळी पाणी जास्त निघत असेल तर पंप बदलून बघा, आणि संध्याकाळी टाकी भरून गाडी उभी करायची सवय लावा. आमच्या पिकअपच्या वहीत दोन पावसाळ्यांच्या नोंदी आहेत. पंप बदलल्यापासून बाटलीतला थर बोटभरावरून नखाएवढा झालाय, आणि यंदा गणपतीचा माल चिपळूणला वेळेत पोचला.

डिझेल फिल्टरचं पाणी काढायचा व्हिडिओ चॅनलवर आहे. पेट्रोलचा मी मुद्दाम टाकलेला नाही. ते मेकॅनिकच्या शेजारी उभं राहूनच शिका.